वजनकाटा थोडा बाजूला ठेवा, छातीच्या हाडाला हात लावा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "घरामागच्या खुराड्यात चार बँटम, म्हणजे लहान चणीच्या, कोंबड्या आहेत, चारही अडीच वर्षांच्या. सोनेरी आहे ती वायंडॉट बँटम. काळी, पांढरी आणि करडी या तिघी पेकिन जातीच्या. बँटम कोंबडीचे वजन ६०० ते ७०० ग्रॅम असावे असे वाचनात आले, म्हणून चौघींना काट्यावर ठेवले. सोनेरी १,१०० ग्रॅम भरली. तिने तेव्हा नुकतीच अंडी देणे बंद केले होते. 'चरबी चढली की कोंबडी अंडी देत नाही,' असे एका जाणत्या नातेवाइकांनी सांगितले, म्हणून तीन आठवड्यांपासून तिचे खाणे निम्म्यावर आणले आहे. वजन १,०२० वर आले, पण अंडे नाहीच. उलट मान आणि पाठ उघडी पडली आहे, पिसे झडत आहेत. पांढरी दिवसभर अंड्यांच्या खोक्यात बसून असते. तिचे वजन ६४० वरून ५४० वर उतरले. काळीची तब्येत मात्र चांगली धरते आहे. दोन महिने तिचे अंडे नाही, पण वजन ६५० वरून ७८० झाले. नियमित अंडी देते ती एकटी करडी, चौघींत सगळ्यांत लहान. घरात आता दोन मते आहेत. एक म्हणजे सोनेरीचे खाणे आणखी कमी करावे. दुसरे म्हणजे या कोंबड्या आता संपल्या, नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणाव्यात. काय करावे?"

तुमचे पत्र वाचल्यावर आधी दोन कामे सांगते, कारण ती लांबणीवर टाकण्यासारखी नाहीत. सोनेरीचे खाणे आजपासून पूर्ववत करा. आणि काळीला आज अंधार पडल्यावर हातात घेऊन नीट तपासा. तुमची सगळी काळजी सोनेरीभोवती फिरते आहे, पण मला धास्ती वाटते ती काळीची.

तुम्ही ज्या वाटेने विचार केलात ती अशी दिसते: वजन बरोबर असेल तर कोंबडी निरोगी, आणि निरोगी असेल तर ती अंडी देणारच. मग अंडी थांबली आणि काट्यावर आकडा मोठा दिसला, की दोष त्या आकड्याचा. बहुतेक पाळणारे असाच विचार करतात, त्यात तुमचे काही वेगळे चुकले असे नाही. पण वजन, तब्येत आणि अंडी या तिन्ही गोष्टी बरोबरीने चालत नाहीत. तुमच्याच खुराड्यात पाहा. अंडी बंद असलेल्या तिघींपैकी एकीचे वजन तुम्ही उतरवले, एकीचे आपोआप उतरले आणि एकीचे वाढले. तिघींची कारणे वेगळी आहेत, म्हणून उपायही एकच असू शकत नाही.

आधी त्या ६०० ते ७०० च्या आकड्याबद्दल. बँटम ही एक जात नाही. लहान चणीच्या कित्येक जातींना मिळून आपण तसे म्हणतो. सेरामा अर्ध्या किलोच्याही आत असते. सेब्राइटची कोंबडी साधारण ५७० ग्रॅमची. पेकिन त्याच्याच आसपास किंवा थोडी वर. वायंडॉट, लेगहॉर्न, प्लिमथ रॉक यांच्या बँटम म्हणजे मोठ्या जातींच्या छोट्या आवृत्त्या. त्यांतली वायंडॉट अंगाने भरलेली, तिची कोंबडी किलोभर किंवा त्याहून थोडी जास्तही भरते. त्यामुळे १,१०० ग्रॅमची वायंडॉट बँटम ही केवळ त्या आकड्यावरून लठ्ठ ठरत नाही. पेकिनचे माप तुम्ही तिला लावलेत, आणि तिथून पुढचे सगळे निर्णय त्या मापावर उभे राहिले.

आता काट्याविषयी. काटा टाकून द्या असे मी म्हणणार नाही, तो फार उपयोगी आहे. पण बँटमच्या बाबतीत तो सहज फसवतो. साडेसहाशे ग्रॅमच्या कोंबडीच्या पोटात तयार अंडे असेल तर त्याचेच ३५ ग्रॅम. संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली असेल तर तिचे आणखी ३० ते ४० ग्रॅम. म्हणजे कोंबडीत काहीही बदल झालेला नसताना सकाळ-संध्याकाळच्या वजनात दहा टक्क्यांचा फरक दिसू शकतो. मोठ्या कोंबडीत हे झाकले जाते, बँटममध्ये नाही. म्हणून वजन नेहमी एकाच वेळी करा, सकाळी खाणे घालण्याआधी. आठवड्यातून एकदा पुरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोके ठेवून त्याचे वजन शून्य करा, कोंबडीला आत बसवून वरून फडके टाका. अंधारात ती शांत बसते. आकडा वहीत लिहून ठेवा आणि एका आकड्याकडे नव्हे, तीन-चार आठवड्यांच्या ओळीकडे पाहा.

पण खरी माहिती मिळते ती हाताने. कोंबडीच्या छातीच्या मधोमध एक लांब उभे हाड असते, त्याच्या दोन्ही बाजूंना छातीचे मांस. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की मंद उजेडात एकेकीला उचला, काखेत धरा आणि तळहात छातीखाली घ्या. बोटे त्या हाडावरून पुढून मागे फिरवा. पेकिनची पिसे इतकी दाट असतात की डोळ्यांना ती कायम गुबगुबीत दिसते, म्हणून बोटे पिसांच्या आत कातडीपर्यंत न्या. हाडाची कड स्पष्ट लागली आणि दोन्ही बाजूंचे मांस आत गेलेले असेल तर ती कोंबडी खंगलेली आहे, काटा काहीही म्हणो. मांस हाडापासून सपाट उतरत असेल तर सडपातळ. हाड लागते पण टोचत नाही आणि मांस हलके बाहेर फुगलेले आहे, ही चांगली स्थिती. हाड शोधावे लागले, मांस त्याच्याही वर आले, तर ती भरलेली. घरातल्या चौघींना एका रात्री तपासलेत की फरक तुमच्या तुम्हालाच कळू लागेल. करडीपासून सुरुवात करा. ती नियमित अंडी देते आहे, तेव्हा चांगली स्थिती हाताला कशी लागते हे तीच तुम्हाला शिकवील.

त्याच वेळी आणखी दोन ठिकाणी हात लावायचा. एक म्हणजे गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना असणारी दोन बारीक हाडे. अंड्यावर असलेल्या बँटमच्या या हाडांमध्ये दीड-दोन बोटे मावतात आणि गुदद्वार मोठे, ओलसर, फिकट असते. अंडी बंद असतील तर हाडे जवळ आलेली असतात आणि गुदद्वार लहान, कोरडे, आक्रसलेले असते. दुसरी जागा म्हणजे छातीच्या हाडाचा शेवट आणि ही दोन हाडे यांच्यामधले पोट. ते मऊ लागले पाहिजे.

काळीसाठी हीच जागा महत्त्वाची आहे. दोन महिन्यांत ६५० वरून ७८०, म्हणजे वजन पाचव्या हिश्शाने वाढले, आणि त्याच दोन महिन्यांत एकही अंडे नाही. तुम्हाला त्यात तब्येत धरल्याचे समाधान वाटले. मला मात्र आधी हे जाणून घ्यायचे आहे की वाढलेले वजन कशाचे आहे. छातीचे हाड मांसाने झाकलेले असेल, पोट मऊ आणि जड असेल, कातडीखाली जाड थर लागत असेल तर ती चरबी. पण छातीचे हाड टोकदार लागत असेल आणि पोट मात्र पाणी भरलेल्या फुग्यासारखे ताणलेले असेल, तर अंगावरचे मांस कमी होते आहे आणि पोटात पाणी साठते आहे. दोन्ही एकाच वेळी चालले असताना काटा फक्त वाढ दाखवतो. अशी कोंबडी पाय फाकवून, अंग उभे धरून चालते. पोटाखालची पिसे विरळ होतात, तिथली कातडी लालसर दिसते. ती लवकर धापा टाकते.

असे का होते तेही सांगते. अंड्याचा बलक अंडाशयातून सुटला की अंडनलिकेचे नरसाळ्यासारखे तोंड त्याला झेलते, आणि तिथून पुढे पांढरे, पडदा, कवच असे सगळे मिळून सुमारे २४ ते २६ तासांत अंडे तयार होते. कधी बलक झेलला जात नाही आणि पोटात पडतो. एखादा असेल तर शरीर तो जिरवते. वारंवार असे झाले किंवा त्यात जंतू शिरले की पोटाच्या आत सूज येते आणि पाणी धरते. अंडाशयाच्या गाठी, यकृताचे किंवा हृदयाचे आजार यांनीही पोटात पाणी होते. दोन-तीन वर्षांच्या पुढच्या कोंबड्यांत यातले काही निघणे हे दुर्मीळ नाही.

हाताला तसे पोट लागले तर घरी काही करू नका. पोट दाबू नका. तिला पाठीवर उताणी धरू नका, कारण कोंबडीला श्वासपटल नसते आणि आतले पाणी श्वासाच्या हवेच्या पिशव्यांवर येऊन ती गुदमरू शकते. सुई टोचून पाणी काढण्याच्या सूचना कुणी दिल्या तरी ऐकू नका. संसर्ग होतो, आणि पाणी एकदम निघाले तर धक्क्यानेच कोंबडी जाते. पक्षी पाहणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. ते पाणी काढून तिला आराम देऊ शकतात, त्या पाण्यावरून कारणाचा अंदाज बांधू शकतात. यातले काही आजार बरे होत नाहीत, तेव्हा त्यांना स्पष्ट विचारा की तिला किती त्रास होतो आहे आणि पुढे काय दिसते. त्रास फार असेल तर तिला वेदनेविना निरोप देणे हाही औषधोपचाराइतकाच मायेचा निर्णय असतो. एकच टणक गोळा हाताला लागला, शेपूट खाली पडली असेल आणि ती जोर करत असेल, तर अंडे अडकले असावे. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

मी हे लांबीने लिहिले कारण वजन वाढले की आपल्याला हायसे वाटते, आणि हा आजार त्या हायसे वाटण्याच्या आड महिनोन् महिने लपून राहतो. कोंबडी मुळात दुखणे लपवणारा प्राणी आहे. बाकीच्या कोंबड्या दुबळीला टोचून काढतात, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखी वावरते. तपासणीत काळी नुसतीच लठ्ठ निघाली तर मला आनंदच होईल, त्यावर पुढे लिहिते आहे.

सोनेरीचे कोडे तुमच्याच पत्रात सुटले आहे. मान उघडी, मग पाठ, आणि अंडी बंद: ती पिसे गाळते आहे. दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. डोके आणि मानेपासून सुरुवात होते, मग पाठ, छाती, पंख, शेपूट. साधारण आठ ते बारा आठवडे हे चालते आणि त्या काळात अंडाशय जवळजवळ विश्रांतीत जातो. पिसांत ८५ टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. सगळे पीस नव्याने उगवायचे म्हणजे केवढे काम असते ते यावरून लक्षात येईल. एकाच शरीराला अंडी आणि पिसे दोन्ही पुरवणे जमत नाही, म्हणून ते अंडी थांबवते. नेमक्या याच काळात तिचे खाणे निम्मे झाले.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. व्यावसायिक पोल्ट्रीत कोंबड्यांना एकदमच पिसे गाळायला लावण्यासाठी त्यांचे खाणे तोडण्याची पद्धत होती. ती क्रूर असल्यामुळे काही देशांनी ती बेकायदा ठरवली. पण ती चालत होती याचे कारण साधे आहे: खाणे तोडले की कोंबडीची अंडी थांबतात आणि पिसे झडतात. अंडी यावीत म्हणून खाणे तोडणे हे त्यामुळे उलट दिशेचे पाऊल आहे. लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे तयार खाद्य, निम्मे केले की नुसती ऊर्जा कमी होत नाही, प्रथिने, कॅल्शियम, जीवनसत्त्वे सगळेच निम्मे होते.

तेव्हा तिला पोटभर खाऊ द्या. पिसे भरेपर्यंत १८ ते २० टक्के प्रथिने असलेले खाद्य मिळाले तर उत्तम, त्यानंतर नेहमीचे १६ टक्क्यांचे लेयर खाद्य. नवी पिसे कोंबासारखी वर येतात तेव्हा त्यांच्यात रक्त असते आणि ती दुखरी असतात, म्हणून या दिवसांत तिला फार हाताळू नका. तपासणी एकदाच आणि हलक्या हाताने करा. पिसे पूर्ण आल्यावरही अंडी लगेच सुरू होतील असे नाही. अंड्यावर येण्यासाठी कोंबडीला साधारण १४ ते १६ तासांचा उजेड लागतो, तेव्हा दिवस मोठे होईपर्यंत ती थांबू शकते. खुराड्यात दिवा लावून तो भरून काढता येतो, आणि लावायचाच तर तो पहाटे लावावा, म्हणजे संध्याकाळी एकदम अंधार होऊन कोंबड्या दांडीखाली अडकत नाहीत. पण हौसेने पाळलेल्या चार बँटमांसाठी मी तो लावणार नाही. हा विसावा त्यांच्या हाडांना आणि अंडनलिकेला हवा असतो.

पांढरी खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. हात नेला की अंग फुगवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते, टोचते, छातीची पिसे उपसते आणि दिवसातून एखाद्या वेळी बाहेर येऊन मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकून परत जाते, असे असेल तर शंका उरत नाही. पेकिन या बाबतीत प्रसिद्धच आहेत. खुडूक कोंबडी फार थोडे खाते, त्यामुळे १०० ग्रॅम उतरणे समजण्यासारखे आहे. पिले २१ दिवसांत, काही बँटमांत एखाद-दोन दिवस आधीच, बाहेर येतात आणि तिचे बसणे संपते. कोंबडा नसेल तर अंडी फळणारच नाहीत आणि ती त्या २१ दिवसांच्या पुढेही बसून राहील. ६४० च्या कोंबडीने आणखी वजन गमवावे अशी माझी इच्छा नाही. म्हणून तिला उठवा. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून उचलून ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. आत गवत-भुसा काही नको, खाणे आणि पाणी भरपूर, जागा उजेडाची. तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्यांचा खुडूकपणा मोडतो. मग बाहेर सोडून पाहा, थेट खोक्याकडे धावली तर आणखी दोन दिवस. थंड पाण्यात बुडवण्याचा उपाय सांगणारे भेटतील, तो करू नका. उठल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर यावी. मात्र पिंजऱ्यात ठेवण्याआधी तिच्या कातडीवर उवा किंवा माइट (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का पाहा. एकाच जागी दिवसचे दिवस बसलेली कोंबडी त्यांच्या तावडीत फार लवकर सापडते.

लाल माइटसाठी कोंबडी पाहून भागत नाही. ते दिवसा दांडीच्या सांध्यांत, फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद दाबून फिरवा, लाल डाग उमटले तर समजा. तुरा फिका पडणे, संध्याकाळी खुराड्यात जायला कोंबड्यांनी टाळाटाळ करणे आणि अंडी घटणे ही त्यांची लक्षणे. जंतांसाठी अंदाजाने औषध पाजू नका, विष्ठेची तपासणी करून घ्या. औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारा.

आता नातेवाइकांच्या म्हणण्याकडे वळते. ते पूर्ण खोटे नाही. फार लठ्ठ कोंबडी खरोखरच कमी अंडी देते, तिचे अंडे अडकण्याची, अंडनलिका बाहेर येण्याची शक्यता वाढते, आणि यकृतात चरबी साठून आत रक्तस्राव झाला तर धडधाकट दिसणारी कोंबडी अचानक मरून पडते. पण हा लठ्ठपणा लेयर खाद्याने क्वचितच येतो. तो येतो मका, पाव, भात अशा वरच्या खाऊने, आणि हिंडायला जागा नसल्याने. बँटम दिवसाला साधारण ५० ते ७० ग्रॅम खाते. त्यात मूठभर मका गेला की खऱ्या खाद्याला जागाच उरत नाही. कोंबडी एकीकडे चरबी धरते आणि दुसरीकडे प्रथिनांवाचून राहते. म्हणून लठ्ठ कोंबडीचेही खाद्य कमी करायचे नाही, वरचा खाऊ काढायचा. तो एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावा, आणि द्यायचा तर जमिनीवर विखरून द्यावा, म्हणजे उकरून शोधावा लागतो. काळी नुसती लठ्ठ निघाली तर तिच्यासाठी एवढेच करा आणि वजन आठवड्याला १० ते १५ ग्रॅमपेक्षा वेगाने उतरू देऊ नका.

कॅल्शियमबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण करडीचे आरोग्य तिच्यावर आहे. मोठ्या कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, बँटमच्या अंड्यात त्याहून कमी, पण तिचे शरीरही तितकेच लहान. कवच मुख्यतः रात्री बनते, तेव्हा कोंबडी काही खात नाही आणि त्यासाठीचे काही कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. जिला लागतो ती दुपारनंतर येऊन खाते, जिला नको ती हात लावत नाही. खाद्यात मिसळू नका, कारण अंड्यावर नसलेल्या कोंबडीला, पिलांना आणि कोंबड्याला जास्त कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधते. दाणे पचायला बारीक खडे लागतात, ते याहून वेगळे. आणि पाणी: कोंबडी खाद्याच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. एक दिवस भांडे कोरडे राहिले तरी अंड्यांत खंड पडू शकतो.

जाता जाता, मोकळ्या हिंडणाऱ्या बँटम चोरून अंडी घालण्यात पटाईत असतात. काळी तपासणीत ठणठणीत निघाली, तिची गुदद्वाराजवळची हाडे रुंद आणि गुदद्वार ओलसर असेल, तर दोन-तीन दिवस तिला दुपारपर्यंत खुराड्यातच ठेवून पाहा.

राहिला प्रश्न नव्या तलंगांचा. तुमच्या कोंबड्या अडीच वर्षांच्या आहेत. पहिल्या वर्षानंतर अंडी दरवर्षी कमी होत जातात हे खरे, पण बँटम आठ-आठ वर्षे सहज जगते आणि त्यातली बरीच वर्षे हंगामात थोडी-थोडी अंडी देत राहते. पेकिनने वर्षाला शंभराच्या आसपास अंडी दिली तरी तिने आपले काम चोख केले. वर्षाला तीनशेचा आकडा ऐकला असेल तर तो खास अंड्यांसाठी पैदास केलेल्या संकरित कोंबड्यांचा. घराला रोजची अंडी हवीच असतील तर ती गरज स्पष्ट मान्य करा आणि त्यासाठी वेगळी जात निवडा. सोनेरी-पांढरीला त्या मापाने संपलेल्या ठरवू नका. घरात हे बोलताना चौघींच्या छातीच्या हाडाची आणि तुमच्या वहीतल्या आकड्यांची माहिती समोर ठेवा, म्हणजे बोलणे मतांवर न राहता कोंबड्यांवर येईल.

आणायच्याच ठरल्या तर मारेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस दिलेल्या, आणि एकटी न आणता किमान दोघी आणा. त्यांना ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांनिशी ठेवा, आणि रोज जुन्यांचे आवरून मग नव्यांकडे जा. त्यानंतर आठवडाभर जाळीआडून एकमेकींना दिसू द्या. खाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन जागी ठेवा, नाहीतर दबलेली कोंबडी उपाशी राहते. एवढे करूनही टोचाटोची होईल आणि जुन्यांची सुरू असलेली अंडी काही दिवस थांबतील, हे धरून चाला. बँटम तलंगा साधारण सहा महिन्यांच्या आसपास अंड्यावर येतात, कधी सात-आठ महिनेही घेतात, तेव्हा अंड्यांची घाई असेल तर हा काही जवळचा रस्ता नाही.

आणि काळीला काय झाले आहे ते पशुवैद्यांकडून कळेपर्यंत खुराड्यात नवा पक्षी आणू नका. ती सकाळी खायला आली नाही, रात्रभरानंतरही अन्नपिशवी भरलेलीच राहिली, किंवा चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागली, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता तिला त्याच दिवशी घेऊन जा. सोबत वजनाची वही न्या.